खुंटीवरची रोटी

खोटं बोलायला एक माणूस पुरतो, पण ते सांभाळायला अख्खं घर लागतं. त्या दुपारी होलमुरोदच्या घरी, ओसरीवर अंथरलेल्या जेवणाच्या दस्तरखानाभोवती पाच माणसं बसली होती, आणि त्यातली चार मिळून एकच खोटं सांभाळत होती. उकळत्या दुधाचं पातेलं चौघांनी चार बाजूंनी धरून न्यावं, तसं. कुणाचा हात जरा हलला की सगळ्यांनाच चटका. पाचवा होलमुरोद स्वतः. त्याच्याच पोटात ते दुखणं होतं आणि त्यालाच तेवढं त्याचं नाव ठाऊक नव्हतं.

"पोटातला व्रण म्हणजे काय रे," तोशपुलात-अका पिस्ते सोलत म्हणाला. तो होलमुरोदचा थोरला भाऊ, घरात सगळ्यांचा अका, म्हणजे दादा. बाजारात सुक्या जर्दाळूंचा घाऊक धंदा, त्यामुळे आवाजही घाऊकच. "मोज्याला भोक पडतं ना, तसं. ताश्कंदचा डॉक्टर दोन टाके घालेल की झालं. आठवड्यात तू परत तंदूरपाशी."

"मोजाच असता तर आईनं शिवला असता," होलमुरोद म्हणाला. "त्यासाठी ताश्कंद कशाला? समरकंदच्या डॉक्टरांकडे काय सुईदोरा नाही?"

"तुझं पोट म्हणजे साधा मोजा आहे होय?" धाकटी बहीण शरोफत लगेच म्हणाली. "तंदूरची पहिली कडकडीत रोटी जन्मभर तूच गिळत आलास. आम्हाला कधी विचारलंस? आता त्याला राजधानीचाच शिंपी हवा."

होलमुरोद हसला. हसताना त्याचा हात आपोआप बरगडीखाली गेला. ओयदिननं ते पाहिलं आणि नजर किटलीवर वळवली.

ओयदिन त्याची बायको. लग्न होऊन या घरात आली, त्या वसंतापासून कणीक तिनं मळायची आणि रोट्या त्यानं लावायच्या, असा त्यांचा संसार. तंदूरच्या तोंडाशी तो कमरेपर्यंत आत वाकायचा, तेव्हा मागून त्याचा पट्टा धरून ठेवायची तीच. आजही ती त्याला तशीच धरून होती. पण पट्टा दिसत नव्हता आणि आग कुठल्या बाजूला आहे तेही कळत नव्हतं.

तिनं त्याच्या पेल्यात चहा ओतला आणि त्याच्यापुढे सरकवला.

होलमुरोद पेल्याकडे पाहतच राहिला. चहा काठोकाठ भरला होता.

आपल्या माणसाला चहा अर्धा पेलाच द्यायचा. पुन्हा मागावा, पुन्हा द्यावा, तेवढंच बोलणं वाढतं. काठोकाठ भरून देतात ते नको असलेल्या पाहुण्याला. पी आणि ऊठ, असा त्याचा अर्थ.

"अगं झफरची आई," तो म्हणाला, "मला घालवायची इतकी घाई?"

सगळे हसले. जरा जास्तच मोठ्यानं हसले. ओयदिननं पेला उचलून निम्मा चहा परत किटलीत ओतला. झाकण लावताना ते खडखड वाजलं.

या माणसासमोर आपण अजून तासभर टिकायचं आहे, तिनं स्वतःला बजावलं. तेवढा एक तास. मग अका त्याला गाडीत घालून स्टेशनवर नेईल, आगगाडी सुटेल, उद्या सकाळी तो इस्पितळाच्या खाटेवर असेल. एकदा तिथं पोचला की पोचला.

गेल्या आठवड्यात तपासणीच्या दिवशी डॉक्टरनं होलमुरोदला बाकावर बसवून ठेवलं होतं आणि अकाला अन् तिला आतल्या खोलीत बोलावून घेतलं होतं. इथली रीतच तशी. वाईट दुखण्याचं नाव दुखणाईताच्या कानावर घालत नाहीत, घरच्यांच्या घालतात. त्याच्या वाट्याची भीती घरच्यांनी वाटून घ्यायची. "वाईट दुखणंच आहे," डॉक्टर म्हणाला होता. "अर्धं पोट काढावं लागेल. अजून जागच्या जागी दिसतंय. पण उशीर करू नका." बाहेर आल्यावर अकानं तिचं मनगट धरलं. "त्याला व्रण म्हणायचं. काय? व्रण. आपल्या बाबांचं काय झालं ते तू पाहिलंयस. याला कळलं तर हा पाऊल उचलायचा नाही."

पाहिलं होतं तिनं. सासऱ्यांना असंच दुखणं झालं होतं. एका तरुण डॉक्टरनं सरळ त्यांच्या तोंडावर सांगून टाकलं. मग पोट उघडलं, तसंच शिवलं, आणि जर्दाळूला फळ धरायच्या आत म्हातारा गेला. खांदा देऊन परत आलेला होलमुरोद याच ओसरीवर बसून म्हणाला होता, "सुरी लागली की ते चवताळतं. पोळ्यात काठी घातल्यासारखं. मला कधी काही झालं तर लोखंड लावू देऊ नका. तसाच जाईन."

ते वाक्य तेव्हापासून घरात होतं. वळचणीला सापाची कात लोंबत राहावी, तसं.

म्हणून व्रण. म्हणून मोजा आणि शिंपी. आणि म्हणूनच अकानं असंही ठरवून टाकलं होतं की सोबतीला तो एकटाच जाईल. "बायकांच्या डोळ्यांत पाणी तयारच असतं," तो म्हणाला होता. "तू घरी राहा. आईकडे बघ."

सासूबाई, म्हणजे बिबिसोरा, भिंतीशी लोडाला टेकून बसल्या होत्या. मोहल्ल्यात त्यांना ओतिन म्हणत. बायकांच्या मजलिशीत गाऊन उपदेश करणारी, मेलेल्यासाठी आणि जन्मलेल्यासाठी दुआ म्हणणारी बाई म्हणजे ओतिन. वय झालं, दात गेले, पण गळा गेला नव्हता. त्या गायला लागल्या की भांडखोर शेजारणीसुद्धा एकमेकींचे डोळे पुसत. परमेश्वरानं काही गळे आपल्यासाठी राखून ठेवलेले असतात, त्यातला तो एक. खोट्याच्या पातेल्याला त्यांचाही हात लागलेला होता, पण सकाळपासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. जपमाळेचे तपकिरी मणी तेवढे बोटांतून सरकत होते.

"आई, दुआ म्हण," अका घड्याळ बघत म्हणाला. "निघायला हवं. थोडक्यात म्हण हं, आगगाडी काही तुझं गाणं ऐकायला थांबणार नाही."

"आगगाडी नाही थांबायची," होलमुरोद म्हणाला. "पण मी थांबेन. म्हण गं आई, तुला हवं तेवढं."

सगळ्यांनी ओंजळी उघडल्या. बिबिसोरांनी डोळे मिटले. आधी नुसतं पुटपुटणं, मग त्यातून हळूहळू सूर वर आला.

*जाणाऱ्याची वाट तुझी, येणाऱ्याची वाट तुझी,*
*उंबऱ्यात मी उभी मालका, दिवा तुझा अन् वात तुझी...*

शरोफतच्या डोक्यावरच्या रुमालाचं टोक डोळ्यांकडे गेलं. अकानं घड्याळ बाहीखाली लपवलं. ओयदिननं दात दातांवर दाबून धरले, कारण त्या आवाजापुढे टिकणं सगळ्यांत कठीण होतं. हे गाणं तिला सासूबाईंनीच शिकवलेलं. कणीक मळताना ती हेच म्हणायची, आणि आत तंदूरमध्ये वाकलेला होलमुरोद चुकीच्या ठिकाणी हुंकार भरायचा.

बिबिसोरांच्या मिटल्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. गाणारा गाण्यात बुडाला की हात आपले राहत नाहीत, आणि त्या तर किती बुडाल्या होत्या! गाता गाताच त्यांनी दस्तरखानावरून हात फिरवला, अख्खी गोल रोटी उचलली, दोन्ही तळहातांवर घेतली आणि लेकाच्या तोंडापुढे धरली.

गाणं चालूच होतं. बाकी सगळं थांबलं.

होलमुरोदनं रोटीकडे पाहिलं. मग त्याची नजर समोरच्या भिंतीवर गेली. तिथल्या खुंटीवर कापडात बांधलेली एक रोटी लटकत होती, तिच्या कडेला अर्ध्या चंद्राएवढा घास गेलेला. त्याच्या मुलाची, झफरची. लष्करात जाताना झफरनं तो घास घेतला होता. उरलेली रोटी त्याची वाट पाहत लटकत राहणार आणि तो आला की त्यानंच ती संपवायची. अन्न वाट पाहतंय म्हटल्यावर माणसाला परत यावंच लागतं, असं इथं सगळे मानतात. पण बाजाराला जाणाऱ्यासाठी कुणी असं करत नाही, आठवडाभर ताश्कंदला जाणाऱ्यासाठीही नाही. परत येईल की नाही याची खात्री नसते, त्याच्यासाठीच फक्त.

"आई," होलमुरोद हळूच म्हणाला. "मोजा शिवायला जाणाऱ्याला कुणी रोटी चावायला देतं का गं?"

बिबिसोरांचे डोळे उघडले. आपल्या हातात काय आहे ते त्यांनी पाहिलं. सूर मध्येच तुटला, मणी जमिनीवर पडले.

तोशपुलात-अकानं तोंड उघडलं. "अरे, म्हातारीला काय कळतंय, सवयीनं..."

होलमुरोद एकेकाच्या तोंडाकडे पाहत गेला. भाऊ, बहीण, आई. शेवटी ओयदिनकडे. तिनं नजर चुकवली नाही. चुकवता आली नाही. तेवढं पुरलं.

"मी जात नाही," तो म्हणाला. उठला, जोडे घातले आणि अंगण ओलांडून तंदूरच्या खोलीत शिरला. दार ओढल्याचा आवाज आला.

"आई, काय केलंस हे!" अका फुटलाच. "सगळा आठवडा मी तोंड शिवून बसलो, आणि तू? मारलंस तू त्याला! स्वतःच्या लेकाला!"

"अका, जीभ आवर," शरोफत म्हणाली. आतापर्यंत ती त्याच्याच बाजूची होती. आता ती उठून आईशेजारी बसली आणि तिचा हात तिनं मांडीवर घेतला. "आईच्या हातानं खरं सांगितलं, एवढंच. आपण चौघांनी मिळून काय केलं ते बघ. तो उठून गेला, आणि चौघांतल्या एकाच्यानंही त्याला थांबवलं गेलं नाही."

"मग आता जा ना, तू थांबव."

"मी नाही. माझं नाही ऐकणार तो." शरोफतनं ओयदिनकडे पाहिलं. "वहिनी."

ओयदिन उठून अंगणात उतरली. वेलीची वाळकी पानं पायाखाली चुरचुरत होती. गेले आठ दिवस ती ज्याला भीत होती ते घडून गेलं होतं, आणि तरी भीती संपली नव्हती. उलट आता तिला तळच दिसेना. हा आता भिंतीकडे तोंड करून बसणार. दिवस जाणार. आणि ते दुखणं आत जागच्या जागी बसायचं सोडून देणार.

होलमुरोद विझलेल्या तंदूरपाशी, पिठाच्या पोत्यावर बसला होता. त्यानं वर बघितलं नाही.

"बाबांचंच ना?"

"हो," ती म्हणाली. आठ दिवसांत तिच्या तोंडून निघालेला पहिला खरा शब्द. "तेच."

"तुला कधीपासून माहीत?"

"तपासणीच्या दिवसापासून."

"म्हणून गायची बंद झालीस?"

ती दारातून दोन पावलं आत आली.

"आठवडाभर कणीक मुक्यानं मळतेस," तो म्हणाला. "मला वाटलं, कंटाळली. आजारी माणसाच्या अंगाला वास येतो, म्हणतात. बायकोला येत असेल. विचारायचं होतं, पण म्हटलं, हो म्हणाली तर?"

"अहो!" ओयदिन त्याच्यासमोर जमिनीवरच बसली. "तोंड उघडलं की गाण्याऐवजी दुसरंच काही बाहेर पडेल, म्हणून तोंड बंद ठेवलं. वास कसला? उशीला तुमच्या पिठाचा वास येतो, त्याच्यावर तोंड दाबून मी रडत होते."

तो एकदम म्हणाला, "मला भीती वाटते गं." कोणा परक्याची गोष्ट सांगावी तसं, चकित होऊन. "रात्री जाग येते, आणि पोटात कुणी बसलंय असं वाटतं. मला व्रण आहे म्हणता, मग हे बसलंय कोण? आणि तुम्ही सगळे मोजे सांगता."

"मलाही वाटते."

"किती?"

"आत्ता अंगणातून येताना पाय गळाले, एवढी."

तिनं त्याचा हात घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत त्या हाताला केस नव्हते, तंदूरनं कधीच जाळून टाकले होते. तो कधी थरथरलेला तिनं पाहिला नव्हता. आज थरथरत होता, तिच्यासारखाच. दोघांचे हात एकत्र आले, पण थरथर काही थांबली नाही. फक्त एकट्याची राहिली नाही.

"सुरी लागली की चवताळतं," तो म्हणाला.

"मी डॉक्टरला तेच विचारलं. तो म्हणाला, तुमच्या सासऱ्यांचं पोट उघडलं तेव्हा ते आधीच सगळीकडे गेलं होतं. सुरीनं पसरवलं नाही. सुरी उशिरा पोचली."

"आणि माझं?"

खोटं अगदी जिभेच्या टोकाशी आलं, गोड, तयार. ओयदिननं ते गिळलं.

"जागच्या जागी दिसतंय म्हणाला. दिसतंय म्हणाला, आहे नाही म्हणाला. मी पुन्हा विचारलं, तरी तेच. उघडल्याशिवाय कळणार नाही. बरे व्हाल असं मला कुणी सांगितलेलं नाही, अहो. आशा आहे, एवढंच सांगितलंय. आणि उशीर करू नका."

अंगणातून अकाचा खाकरण्याचा आवाज आला. गाडीची वेळ होत आली होती.

"हे तू बरं केलंस," तो शेवटी म्हणाला. "बरं वाटेल म्हणाली असतीस तर मी इथून उठलो नसतो."

"मग उठता?"

"अकाबरोबर नाही. माणूस सोन्यासारखा आहे, पण ताश्कंदपर्यंत मोजा उसवत आणि शिवत नेईल मला." त्याच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं आणि विझलं. "मी तंदूरमध्ये वाकतो तेव्हा मागं कोण असतं? तो असतो?"

ती उठली. तिनं त्याचा पट्टा धरला, जसा रोज धरायची तसा, आणि त्याला उभं केलं.

ती दोघं ओसरीवर आली तेव्हा बिबिसोरा तशाच बसल्या होत्या, रोटी मांडीवर घेऊन, अपराध्यासारख्या. ती दस्तरखानावर परत ठेवायचं धैर्य त्यांना होत नव्हतं, पुन्हा पुढे करायचंही नाही. होलमुरोद आईसमोर गुडघ्यांवर बसला.

"आण आई. तू काही चुकली नाहीस."

त्यानं रोटीच्या कडेला तोंड लावलं आणि घास तोडला. मोठा तोडला, कडक कडेसकट.

अकानं बॅग उचलली. "चला, देवाची कृपा. ओयदिन, तू आईकडे..."

ओयदिन वाकली, सासूच्या हातातली रोटी तिनं फिरवली आणि दुसऱ्या बाजूनं स्वतः एक घास तोडला.

"अगं अगं, हे काय!" बिबिसोरा घाबरून म्हणाल्या. "राहणाऱ्यानं चावायची नसते गं ती!"

"मी राहत नाही, आई."

"पुरुषांचा वॉर्ड आहे," अका म्हणाला. "तुला दारात उभं करणार नाहीत."

"मग पायरीवर बसेन. पायरी काय पुरुषांची असते?"

अकानं भावाकडे पाहिलं. भाऊ तोंडातला घास चावत होता, त्यानं नुसती मान डोलावली. शरोफतनं स्वतःचा जाड कोट काढून ओयदिनच्या खांद्यावर टाकला. "ताश्कंदला वारं बोचरं असतं. आणि आईची काळजी करू नकोस, मी आहे. अका, तिकीट तिला दे. तू नंतर ये, पिस्ते घेऊन."

अकानं खिशातून तिकीट काढून ओयदिनच्या हातात ठेवलं. "स्टेशनपर्यंत तरी मी सोडतो," तो म्हणाला. त्याचा घाऊक आवाज किरकोळ झाला होता.

बिबिसोरा मात्र रोटीकडे बघत होत्या. एकाच रोटीला दोन बाजूंनी दोन घास. आयुष्यात अशी रोटी त्यांनी पाहिली नव्हती, आणि तिच्यासाठी कुठली दुआ म्हणायची तेही त्यांना कळत नव्हतं.

"होलमुरोद," दारापर्यंत पोचलेल्या लेकाला त्यांनी हाक मारली. विचारायचं नव्हतं, पण भीती माणसाला विचारायला लावते. "दोघं गेलात आणि... एकटंच कुणी परत आलं, तर? मग ही कोण संपवणार रे?"

शरोफतनं आईचं तोंड दाबायला हात उचलला. ओयदिन कोटाची बटणं लावता लावता थांबली.

होलमुरोद मागं वळला. तो आधी रोटी लावणारा होता, बाकी सगळं नंतर. जमिनीवर पडलेला तुकडासुद्धा उचलून, कपाळाला लावून ठेवणाऱ्या माणसांतला.

"जो येईल त्यानं दोघांचा वाटा खायचा, आई," तो म्हणाला. "रोटी टाकायची नसते."

बिबिसोरांनी मान हलवली. रोटी कापडात बांधून त्या भिंतीशी गेल्या. झफरच्या खुंटीशेजारी दुसरी खुंटी होती, तिच्यापर्यंत त्यांचा हात पोचेना. हे आईनंच करायचं होतं, म्हणून शरोफत मदतीला गेली नाही. म्हातारी चवड्यांवर उभी राहिली, पुन्हा पुन्हा हात वर नेत राहिली, आणि शेवटी रोटी खुंटीला लागली.

गाडीत मागच्या सीटवर ओयदिनच्या लक्षात आलं की तो घास अजून तोंडातच आहे. जिभेवर गोळा झाला होता. ना खाली उतरत होता, ना बाहेर काढता येत होता. तिनं होलमुरोदकडे पाहिलं. त्याचाही गाल फुगलेला होता.

समोर अका रस्त्याकडे बघून गाडी चालवत होता.

"चाव," होलमुरोद भरल्या तोंडानं म्हणाला.

"चावतेय. तुम्ही?"

"मीपण."

स्टेशनचं वळण आलं. दोघं एकमेकांचा हात धरून, दातांखालची ती रोटी हळूहळू चावत राहिली.